'कन्कर' लिहिण्याआधी: सहमतीचा एक वजनदार इंग्रजी शब्द

आज एकच शब्द घेऊन बसायचंय. इंग्रजीतला, सहमती दाखवणारा, जरा कोट-टाय घालून येणारा शब्द. कन्कर. स्पेलिंग सांगते: सी, ओ, एन, सी, यू, आर.

ऑफिसात काम करत असाल तर हा तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन गेलेला असणार. 'आय कन्कर विथ द अबव्ह.' 'काइंडली कन्कर.' नोकरीला नवीन लागलेल्यांना हा शब्द आवडतो. 'अग्री' फार साधं वाटतं, 'ओके' अगदीच घरगुती वाटतं, आणि 'कन्कर' लिहिलं की मेल कशी भारदस्त दिसते. डिक्शनरी उघडली तर अर्थ काय, तर सहमत होणे. म्हणजे 'अग्री'चाच थोरला भाऊ. झालं, लिहून मोकळे.

माझं म्हणणं असं, की या शब्दाचं काम जरा वेगळं आहे. 'कन्कर' लिहिणारा माणूस सांगत असतो, की हा विषय मी स्वतः पाहिला, माझं डोकं लावलं, आणि तुम्ही ज्या निष्कर्षाला पोचलात त्यालाच मीही पोचलो. हे तुम्हाला सांगायचं असेल तर बिनधास्त लिहा. सांगायचं नसेल तर लिहू नका, कारण वाचणारा तोच अर्थ घेणार आणि उद्या तुमच्यासमोर ठेवणार. आधी शब्दाचा अर्थ पाहू, मग तो कुठे कसा चालतो ते पाहू, आणि शेवटी वाक्यं करून पाहू.

सुरुवात मुळापासून करू. लॅटिनमध्ये 'कुर्रेरे' म्हणजे धावणं. आधी 'कॉन' लावला की सोबत धावणं. या घराण्यातली बाकीची मंडळी तुमच्या ओळखीची आहेत. वाहणारा करंट, हातोहात फिरणारी करन्सी, स्क्रीनवर पळणारा कर्सर, सगळे त्याच धावण्यातून आलेत. आता दोन माणसं सोबत धावतायत असं चित्र डोळ्यासमोर आणा. कुणी कुणाला पाठुंगळी घेतलेलं नाही. प्रत्येक जण आपापल्या पायांनी धावतोय, आणि दोघंही एकाच ठिकाणी पोचतायत. 'कन्कर'चा अर्थ तिथे आहे. गंमत म्हणजे याच मुळातून आलेला फ्रेंच शब्द 'कॉन्कुराँस' म्हणजे सहमती नव्हे, स्पर्धा! सोबत धावणं म्हटल्यावर शर्यतसुद्धा होतेच की. इंग्रजीने एक बाजू उचलली, फ्रेंचने दुसरी.

हे चित्र लक्षात ठेवलं की 'कन्करंट' हा शब्दही सोपा होतो. पेपरात बातमी असते, आरोपीला एका कलमाखाली ५ वर्षं आणि दुसऱ्याखाली ३ वर्षं शिक्षा, दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या. इंग्रजी निकालपत्रात तिथे 'कन्करंटली' असतं. ५ आणि ३ वर्षं एकाच वेळी चालू होतात, त्यामुळे तुरुंगात जास्तीत जास्त ५ वर्षं. एकामागून एक भोगायच्या असत्या तर ८ झाली असती. म्हणजे एका शब्दावर ३ वर्षं अवलंबून! तसंच राज्यघटनेतली 'कन्करंट लिस्ट', म्हणजे समवर्ती सूची. त्या विषयांवर केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्या सूचीत गेला. दोघं शेजारी शेजारी धावतायत, प्रत्येकाचा अधिकार स्वतःचा.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ, कारण या शब्दाला किती वजन आहे ते तिथे नीट कळतं. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कोणी नेमायचे? राज्यघटनेचं कलम १२४ म्हणतं, राष्ट्रपतींनी, सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून. इंग्रजीत शब्द आहे 'कन्सल्टेशन'. घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांची सूचना होती, की इथे 'कन्करन्स' घाला. म्हणजे सरन्यायाधीशांची सहमती असल्याशिवाय नेमणूकच नको. २४ मे १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा साधारण असा होता: सरन्यायाधीश ही फार मोठी व्यक्ती असते हे मान्य, पण शेवटी तीही माणूसच. आपल्या सगळ्यांना असतात तसे गुणदोष, भावना, पूर्वग्रह तिलाही असणार. 'कन्करन्स' घातलं की नेमणुकीवरचा नकाराधिकार एकट्या सरन्यायाधीशांच्या हाती जातो, आणि तो तर आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारलाही द्यायला तयार नाही. म्हणून 'कन्सल्टेशन' राहिलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कन्सल्टेशन म्हणजे कन्करन्स नव्हे. विचारायचं हे बंधनकारक, पण अखेरचा शब्द सरकारचा. मग १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने वेगळा निर्णय दिला, की सरन्यायाधीशांनी ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारात घेऊन बनवलेल्या मताला प्राधान्य राहील. १९९८ मध्ये ही पद्धत आणखी पक्की झाली, सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठ न्यायाधीश. आपण ज्याला 'कॉलेजियम' म्हणतो ती हीच. घटनेतला शब्द तोच राहिला, 'कन्सल्टेशन'. पण त्याचं वजन जवळजवळ 'कन्करन्स'एवढं झालं. यात बरोबर कोण हा वाद अजून चालू आहे, आणि तो आपला आजचा विषय नाही. आपल्यापुरतं एवढंच बघा, की विचारणं आणि सहमती घेणं यांत किती मोठं अंतर आहे. सल्ला ऐकून बाजूला ठेवता येतो. कन्करन्स लागत असेल तर समोरच्याच्या 'नाही'ने काम थांबतं.

कोर्टातच या शब्दाचा दुसरा वापरही दिसतो. 'कन्करिंग ओपिनियन', म्हणजे सहमतीचं पण स्वतंत्र निकालपत्र. २४ ऑगस्ट २०१७ चा खासगीपणाच्या हक्काचा निकाल आठवा, पुट्टस्वामी खटला. नऊ न्यायाधीश, निष्कर्ष एकच, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण निकालपत्रं किती? सहा. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसह चौघांच्या वतीने एक लिहिलं. न्या. चेलमेश्वर, आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे, न्या. नरिमन, न्या. सप्रे आणि न्या. कौल या पाच जणांनी आपापलं वेगळं लिहिलं. सहमत होते, तर वेगळं कशाला लिहायचं? कारण प्रत्येकाला दाखवायचं होतं की मी या ठिकाणी माझ्या वाटेने आलो. कन्कर करणाऱ्याला स्वतःची कारणं असू शकतात. किंबहुना असावीतच.

डॉक्टरांचंही तेच. सेकंड ओपिनियन देणारा डॉक्टर 'आय कन्कर' म्हणतो तेव्हा त्याने पेशंट तपासलेला असतो, रिपोर्ट पाहिलेले असतात. पहिल्या डॉक्टरांचं नाव मोठं आहे म्हणून मान हलवली, तर तो कन्कर नव्हे. 'कॅच मी इफ यू कॅन' हा स्पीलबर्गचा २००२ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात लिओनार्डो डिकॅप्रिओ खोटा डॉक्टर होतो. टीव्हीवरची डॉक्टरांची मालिका बघून तो नेमका हा शब्द उचलतो आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारत सुटतो, तुम्ही कन्कर करता का? ती पोरं बिचारी गोंधळतात. आपण हसतो, कारण ज्याला काहीच कळत नाही तो सगळ्यांत जाणकारांचा शब्द वापरतोय. शब्दाचं पोकळ होणं म्हणजे काय ते त्या सीनमध्ये दिसतं.

मराठीत हा विचार आहे का? आहे, आणि तोही रोजच्या सरकारी कागदावर. महाराष्ट्र शासनाचा पैशाशी संबंधित शासन निर्णय, म्हणजे जीआर उघडा. शेवटाकडे बहुतेक वेळा एक ओळ सापडते, की हा निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, अमुक अनौपचारिक संदर्भानुसार निर्गमित करण्यात येत आहे. ही सहमती म्हणजेच इंग्रजी फायलीतलं 'कन्करन्स'. योजना दुसऱ्या विभागाची, पण वित्त विभागाने खर्चाच्या अंगाने फाइल तपासली आणि आपलं मत जोडलं, असा त्याचा अर्थ. उद्या कुणी विचारलं की पैसे कुठून आणले, तर ती ओळ उपयोगी पडते. म्हणून ती उगाच लिहीत नाहीत.

आता मंत्रालयातून आपल्या इनबॉक्सकडे येऊ. एक प्रसंग कल्पून बघा. इमारतीचं काम चालू आहे. एक नवीन साइट इंजिनिअर मुलगी आहे. कंत्राटदाराची मेल येते: पायाचं काँक्रीट २४० घनमीटर धरलं होतं, प्रत्यक्षात ३१० लागलं, काइंडली कन्कर. तिच्या मनात काय असतं? मेल मिळाली, वाचली, ठीक आहे, साहेबांना सांगते. ती सभ्यपणे लिहिते, 'सर, आय कन्कर.' सहा महिन्यांनी बिलावर वाद होतो. कंत्राटदार ती मेल पुढे करतो, की वाढीव काँक्रीट तुमच्याच इंजिनिअरने मान्य केलंय. कायद्याने त्या दोन शब्दांचं किती चालेल ते करारावर आणि तिच्या अधिकारावर ठरेल. पण खुलासा कोणाकडे मागणार? तिच्याकडे. तिने मोजमाप घेतलंय का? नाही. आणि शब्द तर सांगतोय की घेतलंय.

तिने काय लिहायला हवं होतं? साधं. 'रिसीव्ह्ड. वुई विल व्हेरिफाय द क्वांटिटी अँड रिप्लाय बाय फ्रायडे.' आणि मोजून झाल्यावर, आकडा बरोबर निघाला पण दर ठरायचा असेल, तर: 'वुई हॅव मेझर्ड द वर्क अँड कन्कर विथ द क्वांटिटी. द रेट इज यट टू बी अग्रीड.' बघा, एका वाक्यात कशाला सहमती आहे आणि कशाला नाही, दोन्ही आलं. वजनदार शब्द असा वापरायचा.

यासाठी एक शिडी सांगते, लिहून ठेवा. सगळ्यांत खालची पायरी, 'रिसीव्ह्ड': मिळालं. तिच्यावर 'नोटेड': नोंद घेतली. इथपर्यंत तुम्ही कशालाच हो म्हटलेलं नाही. मग 'नो ऑब्जेक्शन': ना हरकत. तुम्ही तुमचं करा, मी अडवत नाही, एवढंच. मग 'कन्सेंट': संमती. म्हणजे माझ्याबाबतीत, माझ्या शरीराबाबत, माझ्या मालमत्तेबाबत हे करायला मी परवानगी देतो. ऑपरेशनच्या आधी सही घेतात ते कन्सेंट फॉर्मवर, 'कन्करन्स फॉर्म'वर नव्हे. कारण पेशंटने वैद्यकीय निष्कर्ष काढलेला नसतो, त्याने परवानगी दिलेली असते. आपला १८७२ चा करार कायदा तर म्हणतो, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. आणि ती मोकळी हवी, जबरदस्तीची किंवा फसवणुकीची नको.

त्यापुढे 'अप्रूव्हल' किंवा 'सँक्शन': मान्यता, मंजुरी. ही वरून खाली येते, देणाऱ्याला तसा अधिकार लागतो. 'असेंट' म्हणजे अनुमती, राष्ट्रपती विधेयकाला देतात ती. आणि 'कन्कर' या शिडीच्या बाजूला उभा आहे. तो अधिकाराचा शब्द नाही, मताचा आहे. बरोबरीच्या माणसाने, स्वतः विचार करून दिलेला. म्हणून 'प्लीज कन्कर माय लीव्ह' चुकीचं, रजा 'अप्रूव्ह' होते. आणि बॉसने सांगितलेलं काम करायचं असेल तर 'आय कन्कर' कशाला? 'आय विल डू इट' म्हणा. पटलेलं नसतानाही करायचं असेल तर 'आय विल कम्प्लाय' म्हणा. 'कम्प्लाय'मध्ये पालन आहे, पटणं नाही. हा फरक कधीतरी तुमची नोकरी वाचवेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाला सूचक असतो आणि अनुमोदक असतो, तिथेही तेच. अनुमोदन म्हणजे 'सेकंड' करणं, ठराव चर्चेला यावा म्हणून दिलेला टेकू. इतिवृत्तात 'सेकंडेड बाय'च्या जागी 'कन्कर्ड बाय' लिहू नका.

आता वाक्यं करू. कन्करला साधारण चार जोड लागतात. माणसाशी किंवा त्याच्या मताशी सहमत असाल तर 'विथ': 'आय कन्कर विथ डॉक्टर्स असेसमेंट.' एखाद्या मुद्द्यावर अनेकांचं एकमत असेल तर 'ऑन': 'ऑल द मेंबर्स कन्कर ऑन धिस पॉइंट.' निर्णयात सहभागी असाल तर 'इन', हे कोर्टाच्या भाषेत जास्त: 'थ्री जजेस कन्कर्ड इन द डिसिजन.' आणि पूर्ण विधान जोडायचं असेल तर 'दॅट': 'बोथ रिपोर्ट्स कन्कर दॅट द वॉटर इज अनसेफ.' शेवटच्या वाक्यात बघा, माणसंच लागतात असं नाही, दोन रिपोर्टही कन्कर करू शकतात. दोन वेगळ्या तपासण्या, उत्तर एक. आणि यातलं काहीही न जोडता नुसतं 'आय कन्कर' हेसुद्धा पूर्ण वाक्य आहे.

'कन्कर टू द प्रपोजल' मात्र नको. प्रस्तावाला होकार द्यायचाय तर 'अग्री टू' किंवा 'कन्सेंट टू' म्हणा.

आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण. आपण म्हणतो 'मी सहमत आहे'. त्यातला 'आहे' इंग्रजीतही घुसतो, आणि वाक्य होतं 'आय ॲम अग्री', 'आय ॲम कन्कर'. मराठीत 'सहमत' हे विशेषण आहे म्हणून त्याला 'आहे' लागतं. इंग्रजीत 'कन्कर' स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'ॲम' नको. 'मला पटतं' या वाक्याच्या चालीवर विचार करा, म्हणजे 'ॲम' आपोआप गळेल.

उच्चार. जोर दुसऱ्या भागावर: कन्-कर्र. पहिल्या भागावर जोर दिलात तर ऐकणाऱ्याला 'काँकर' ऐकू येईल, सी-ओ-एन-क्यू-यू-ई-आर, म्हणजे जिंकणं. 'आय काँकर यू' म्हणजे मी तुम्हाला जिंकतो! मीटिंगमध्ये नको ते. आणि जोर शेवटी असल्यामुळेच भूतकाळात आणि 'इंग' लावताना 'आर' दोनदा येतो: कन्कर्ड, कन्करिंग. 'ऑकर्ड', 'रेफर्ड' यांच्यासारखंच. 'एंटर'चा जोर सुरुवातीला असतो, म्हणून 'एंटर्ड'मध्ये एकच.

आणि कुठे वापरू नये? चहा घ्यायचा का, यावर 'आय कन्कर' म्हटलं तर लोक हसतील. मुद्दाम हसवायचं असेल तर ठीक. मित्राशी बोलताना 'ट्रू', 'अग्रीड', 'सेम हिअर' पुरे. मराठीतही जेवणाच्या ताटावर बसून कुणी 'मी आपल्या मताशी सहमती दर्शवतो' म्हणत नाही, 'हो ना' म्हणतो.

तर या आठवड्यात एक काम करा. तुमच्या सेंट मेल उघडा आणि 'कन्कर' सर्च करा. प्रत्येक वेळी स्वतःला एवढंच विचारा: हे मी तपासलं होतं का? उत्तर 'हो' असेल तर तो शब्द तुमचाच. 'नाही' असेल तर पुढच्या वेळी 'नोटेड' लिहा. कुणी तुम्हाला कमी समजणार नाही. आणि कुणी 'काइंडली कन्कर' म्हणून घाई करत असेल, तर तपासायला वेळ मागा. तो मागणं हा तुमचा हक्क आहे, कारण सही तुमची जाणार आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, वाचत राहा, ऐकत राहा. नमस्कार.